पांढरी अंडी वाडीची

अंड्याला देवानंच पॅकिंग करून दिलंय, असं माझे बाबा म्हणायचे. "दुधात पानी घालता येतं, मिरचीत विटेची भुकटी घालता येते. अंड्यात कोन काय घालनार?" गिऱ्हाइकाला हे वाक्य, पाहुण्याला हे वाक्य, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही हेच वाक्य. बोलताना ते बोटं अशी करायचे की हवेत अंडंच धरलंय. मी आता तिशीची आहे. हे काही आठवणी लिहिण्याचं वय नाही, असं आमच्या चळवळीच्या गटातली माणसं मला ऐकवतात. पत्रक लिही म्हणतात, एका पानाचं, वर जाड अक्षरात मथळा आणि खाली तीन मागण्या. पत्रकं मी ढिगाने लिहिली आहेत, पनवेलच्या एसटी स्टँडवर उभी राहून वाटलीही आहेत. पण पत्रकात आई मावत नाही, आणि ही गोष्ट आईशिवाय सांगता येत नाही.

आमचं घर पळस्पे फाट्याहून आतल्या बाजूला. शेती होती ती रस्त्यांनी खाल्ली. आधी एक रस्ता रुंद झाला, मग दुसरा आला, आणि दोन्हींच्या बेचक्यात जो तुकडा उरला त्यावर बाबांनी कोंबड्यांची शेड घातली. लांबलचक पत्र्याची शेड, दोन्ही अंगांना जाळी, आत पायऱ्यांसारखे चढत गेलेले पिंजरे. कोंबडीने अंडं घातलं की ते उतारावरून घरंगळत पुढच्या पन्हळीत येऊन थांबायचं. सकाळी दाणा पडला की सगळ्या चोची एकदम पत्र्यावर आपटायच्या, फरशीवर वाटाण्याची पोती ओतावीत तसा आवाज. त्या आवाजावर आमच्या घराचं घड्याळ चाले. वासाचं सांगायलाच नको. तो माझ्या वेणीत, दप्तरात, भाकरीच्या फडक्यातसुद्धा असायचा. शाळेत मला अंडेवाली म्हणायचे आणि माझ्या बाकावर तिसरी मुलगी कधी बसायची नाही. पण घरी अंड्याची चैन होती. आईच्या हातचा अंड्याचा रस्सा, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण, तेलाचा तवंग आणि सोबत तांदळाची गरम भाकरी. सुकी मासळी संपली, भाजी आणायला वेळ नाही, पाहुणा अचानक टपकला, काहीही झालं तरी आई पदर खोचून शेडमध्ये जायची आणि ओंजळभर पांढरी अंडी घेऊन यायची. मागच्या अंगणात तिच्या स्वतःच्या चार गावठी कोंबड्याही होत्या, रात्री डालग्याखाली झाकलेल्या. त्यांची अंडी लहान, मातकट रंगाची. ती बाबा कधी मोजत नसत, तो आईचा हौसेचा कारभार.

शेडमधलं काम वाडीवरची माणसं करत. वाडी म्हणजे कर्नाळ्याच्या डोंगराकडेची कातकऱ्यांची वस्ती. जमीन कोणाच्याच नावावर नाही. दिवाळी झाली की अर्धी वाडी वीटभट्टीवर निघून जायची. उरलेल्यांत बारकीबाय आणि तिचा नवरा लहू, दोघं आमच्याकडे. बारकीबाय नावाची बारकी, अंगाने चांगली थोराड, आणि जिभेला हाड नाही. कोंबड्यांना ती शिव्या द्यायची त्या ऐकून मी मराठीतले निम्मे शब्द शिकले. त्या वर्षी तिची लेक सुमनही भट्टीवर गेली नव्हती, कारण तिला दिवस गेले होते. आमच्याकडे एक रीत होती. गोळा करताना जी अंडी तडकत, ती बाजारात चालत नाहीत, म्हणून संध्याकाळी ती वाडीच्या माणसांना द्यायची. आपल्या उदारपणाचा पुरावा म्हणून बाबा ही रीत चारचौघांत सांगत. "आमच्या मानसांना मी रोज अंडी खायला घालतो." अंगणवाडीच्या बाईंनी सुमनला सांगितलं होतं, पोटात बाळ आहे, अंडी खा. त्यामुळे बारकीबाय घरी जाताना ओच्यात फुटकी अंडी अशी जपून न्यायची, जसं काही ते बाळच तिथे आहे.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या उकाड्यात शेडमध्ये बारीक गोचिड्या झाल्या. दिवसा दिसायच्या नाहीत, पिंजऱ्यांच्या फटींत लपायच्या. अंधार पडला की कोंबड्यांवर चढून रक्त प्यायच्या आणि लालभडक व्हायच्या. कोंबड्यांचे तुरे फिके पडले, अंडी कमी झाली. आमच्याही हातांना रात्रभर खाज. बाबा पनवेलच्या बाजारात गेले आणि एक बाटली घेऊन आले. दुकानदार म्हणाला होता, गोचिडांवर जालीम आहे, बैलाच्या अंगावरची सुद्धा मरतात. लहूने पाठीवर पंप घेतला, तोंडाला गमछा बांधला आणि पिंजऱ्यांच्या ओळींमधून फिरत फवारा मारला. कोंबड्यांवर, कोंबड्यांच्या पंखांत, पोटाखाली, सरळ अंगावर. त्या फडफडत होत्या, ओल्या होऊन गप्प बसत होत्या आणि अंडी घालतच होत्या. आई आणि बारकीबाय मागोमाग ओल्या फडक्याने अंडी पुसत गेल्या. पुसली की झालं. वांगी धुतो, कोथिंबीर धुतो, तसंच हे. आमच्याकडे या प्रकाराला 'औषध मारलं' म्हणतात. विषाला इतकं प्रेमळ नाव ठेवणारी माणसं आपण. पिकावर मारायचं तेही औषध, आणि कोणी जीव द्यायला पिऊन टाकलं तरी 'औषध घेतलं' असंच म्हणायचं.

गोचिड्या मेल्या, पण कोंबड्या मलूल झाल्या, म्हणून बाबांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. मी घरीच होते. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, वाचली आणि बाबांकडे असं बघितलं की मला आजही ती नजर आठवते.

"हे कोंबड्यांच्या अंगावर मारलंत?"

"मंग कुठं मारू? गोचिड्या तिथंच हायत."

"अंडी देणाऱ्या कोंबडीच्या अंगावर मारायचं हे औषध नाही हो. शेड रिकामी असताना, पिंजरे धुऊन, फटींत मारायचं असतं. कातडीतून हे आत जातं, चरबीत साठतं. आणि कोंबडीची चरबी कुठे उतरते? बलकात."

बाबांनी आपलं वाक्य काढलं, कवचाचं, देवाच्या पॅकिंगचं. डॉक्टर हसले नाहीत. "कवच बाहेरून असतं. हे आतून येतंय. कवच बनायच्या आधीच बलकात येतंय. तुम्ही अंडं दुधाने धुतलंत तरी काय उपयोग?"

"मंग अंड्यांचं काय करू?"

"ही खायची नाहीत आणि विकायचीही नाहीत. खड्डा करून पुरा."

"कधीपातूर?"

"ते तपासून घेतल्याशिवाय मी सांगणार नाही. उगाच माझ्या तोंडून आकडा वदवून घेऊ नका."

"इकायची नाय, तं कोंबड्यांना खायला काय घालू, माझं डोकं?" बाबा म्हणाले. पण डॉक्टरांसमोरच त्यांनी शेडमागे खड्डा खणायला लावला, त्या दिवशीची अंडी त्यात ओतली आणि वर माती लोटली. पिवळा बलक मातीत मिसळताना बारकीबायने "अगं माझे माय" म्हणून तोंड फिरवलं. कोंबड्या आजारी आहेत, म्हणून अंडी पुरली, एवढंच तिला सांगितलं गेलं. डॉक्टरांचं बोलणं तिच्यापर्यंत पोचवायची गरज कोणालाच वाटली नाही. आणि मला वाटलं, चला, माझे बाबा हट्टी असतील, पण वेळ आली की ऐकतात.

मी तेव्हा नुकतीच कॉलेजला जाऊ लागले होते. सकाळी विक्रम रिक्षात कोंबून पनवेल, संध्याकाळी परत. तिथे खाडीत सोडल्या जाणाऱ्या घाण पाण्याविरुद्ध पत्रकं वाटणारा एक गट होता, त्यात मी घुसले. रंगीत कागदावर छापलेली ती वाक्यं मला पाठ होती. घरात काय चाललंय ते मला दिसत नव्हतं असं नाही, दिसत होतं ते वेगळंच. रस्श्यातली अंडी लहान झाली होती. आई आता पदर खोचून शेडकडे जात नसे, मागच्या अंगणात जाई. मी समजले, शेडची अंडी खड्ड्यात जातात, म्हणून घरात गावठी. हिशेब बरोबर जुळत होता. पहाटे टेम्पोचा आवाज यायचा, तर मला वाटायचं दाण्याची पोती आली असतील.

वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे पोपटी होते. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. पाण्याचा थेंब नाही. तोंडाला परत पाला कोंबायचा आणि मडकं पालथं घालून भोवती काटक्या, गोवऱ्या, पेंढा पेटवून द्यायचा. आमच्या शेतात दरवर्षी दोन मडकी लागत, एक घरचं, एक वाडीच्या माणसांचं. घरच्या मडक्याच्या गळ्याला आई तार गुंडाळायची, म्हणजे जाळातून काढताना चुकायला नको, कारण कोंबडी आमच्याच मडक्यात असे. त्यांच्या मडक्यात बटाटे जास्त. हा भेद जुनाच. एकाच जाळावर दोन जाती शिजायच्या आणि त्याला आम्ही एकत्र पोपटी खाल्ली असं म्हणायचो.

त्या दुपारी मी आईसोबत मडकी भरायला बसले होते. शेजारी दोन टोपल्या, एकीत मातकट अंडी, एकीत पांढरी. मी पांढरं अंडं उचलून तारेच्या मडक्यात ठेवायला गेले.

"ती तिकडं," आई म्हणाली. "आपल्यात गावठी."

"आये, पांढरी आली कुठून? ती खड्ड्यात जातात ना?"

आई शेंगा निवडत राहिली. "खड्ड्यात पैल्या दिवशीची गेली. रोज रोज कोन टाकंल?"

"मग पहाटे टेम्पोत काय जातं?"

"तू कालेजला जातंस ना, मंग कालेजचं बघ."

"औषध परत मारलं?"

"गोचिड्या परत झाल्या, तं काय पूजा करायची त्यांची?"

"बाबांना माहीत आहे, आपण गावठी खातो ते?"

"त्यांनीच सांगितलंय, घरात गावठीच घाल म्हनून."

अडाणीपणाचा मला राग येत नाही, आजही येत नाही. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगता येतं, त्यासाठीच पत्रकं असतात. पण इथे सगळं ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की टोपल्या वेगळ्या केल्या होत्या. मी विचारलं, "आणि वाडीच्या मडक्यात पांढरी चालतात?"

"त्यांना ती रोजचीच हायत. आनि डोंगरातली मानसं ती, त्यांना काय व्हतंय?" आई हे दुष्टपणे म्हणाली नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. पाणी उताराकडे जातं, तशा सुरात म्हणाली. त्या सुराचाच मला आजपर्यंत सगळ्यात जास्त संताप येतो.

मला भाषण करता आलं असतं, तेव्हा मी तेच शिकत होते. पण बाबांपुढे भाषण म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मडकी भरून झाल्यावर बाबा पेंढा आणायला गेले आणि आई मिठाची बरणी ठेवायला घरात गेली, तेवढ्यात मी एका मडक्याच्या गळ्यातली तार सोडवली आणि दुसऱ्याच्या गळ्यात बांधली.

ऊन उतरल्यावर जाळ लागला. वाडीची माणसं एका बाजूला, आम्ही दुसऱ्या. सुमन पोत्यावर पाय लांब करून बसली होती, पोट आता चांगलं दिसत होतं. बाबा रंगात होते. त्यांनी मडक्यावर पाण्याचा हबका मारला, चर्र करून पाणी उडालं, आणि ते ओरडले, "झाली! काढा." काठीने तारेचं मडकं त्यांनी स्वतः ओढलं, दुसरं लहूकडे ढकललं. केळीच्या पानावर मडकं पालथं झालं. वाफेतून शेंगा पडल्या, बटाटे पडले, बटाटेच बटाटे, आणि त्यांच्यामध्ये मोठी, एकसारखी, धुराने जराशी पिवळटलेली अंडी.

बाबांचा हात तसाच राहिला. "ए, थांबा! मडकी बदलली. ते आमचं हाय, हे तुमचं."

पलीकडे लहूने केळीचं पान उलगडलं होतं आणि कोंबडीचा वास सुटला होता. बारकीबाय खदखदून हसली. "शेट, तुमची कोंबडी आज सोताहून आमच्या दारी आली वं! आता तिला काय हाकलून लावू?" वाडीची सगळी माणसं हसली. "जाऊ द्या की येक दिस. रोज तुमची फुटकी खातो, आज अख्खी खातो."

"कोंबडी खा तुमी. अंडी द्या इकडं."

"का? तुमच्याकडं हायत की, चांगली मोठी मोठी."

मी एक पांढरं अंडं सोललं आणि बाबांपुढे धरलं. "बाबा, घ्या. देवानंच पॅकिंग केलंय."

"मला भूक नाय."

"पोपटीला भूक नाय?" बारकीबाय पलीकडून म्हणाली. "शेट, बरं हाय ना?"

"मग मी खाते," मी म्हणाले आणि अंडं तोंडाजवळ नेलं. खरं सांगायचं तर मी ते खाणार होते की नाही, मलाही माहीत नाही. ठरवायची वेळच आली नाही. आई मिठाची वाटी घेऊन माझ्यामागून येत होती. वाटी खाली पडली आणि तिची चापट माझ्या मनगटावर बसली. अशी चापट तिने मला लहानपणी विळीकडे हात नेताना मारली होती. अंडं राखेत गेलं.

"टाक ते! मरायचंय का तुला?"

बारकीबायचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, ते उतरायला वेळ लागला. तिने राखेतल्या अंड्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग आमच्या पानावरच्या, कोणीच हात न लावलेल्या अंड्यांकडे.

"वयनी," ती म्हणाली, "आमची सुमन दिवाळीच्या आधीपासनं तीच खाते."

आई खाली बसली.

"अगं, कवच असतंय त्याला," बाबा म्हणाले. "आत काय जात नाय."

"शेट, मंग वयनीनं पोरीच्या हातातनं का पाडलं?" बारकीबाय उठली. आवाज चढला नव्हता, आणि तिचा न चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "तिची पोर तिनं वाचवली. माझ्या पोरीच्या हातावर कोन मारनार व्हतं?"

सुमनच्या हातात अर्धं अंडं होतं, मातकट, गावठी, चांगलं. तिने ते खाली टाकलं. मी म्हणाले, "सुमन, ते चांगलं आहे, ते खा." तिने फक्त माझ्याकडे पाहिलं. चांगलं आहे असं सांगणारं आमच्या घरातलं माणूस तिच्यासाठी उरलं नव्हतं. त्या सगळ्यांनी पोपटी तशीच सोडली आणि ते डोंगराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी वाडीवरून कोणीच आलं नाही. पन्हळी अंड्यांनी भरल्या, कोंबड्या दाण्यासाठी आकांत करू लागल्या. बाबा आणि आई दोघंच हात खाजवत पिंजऱ्यांमधून फिरत होते. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. काही दिवसांनी बारकीबाय कुंपणापर्यंत आली, आत आली नाही. "फुटकी अंडी नको. त्याच्या बदली तांदूळ पायजे. आनि तो पंप आमचा मानूस पाठीवर घेनार नाय." बाबांनी ते कबूल केलं. मन वितळलं म्हणून नाही. शेड चालवायला माणसं मिळत नव्हती म्हणून. माझ्या गटात मी ही गोष्ट सांगते तेव्हा कोणीतरी म्हणतं, बघ, संवादाने प्रश्न सुटतात. संवाद कुठला? बारकीबायने काम बंद ठेवलं, म्हणून प्रश्न सुटला, तोही तिच्यापुरता.

सुमनला मुलगी झाली, धडधाकट, आज ती शाळेत जाते. हे कळलं की लोकांचा जीव भांड्यात पडतो. "मग काही झालं नाही ना?" विचारतात, जणू मीच उगाच आरडाओरडा केला. आपल्याकडे गुन्हा सिद्ध व्हायला प्रेत लागतं. कोणाच्या चरबीत किती साठलं, कोणाला काय होईल, हे मला माहीत नाही आणि माहीत असल्याचं सोंग मी करणार नाही. पण ज्याला माहीत होतं त्याने स्वतःच्या ताटातलं अंडं बदललं होतं, एवढं मला पुरतं. मी तेव्हा एका सरकारी कार्यालयात तक्रार घेऊन गेले होते. टेबलामागच्या साहेबाने विचारलं, कोणाविरुद्ध? वडिलांविरुद्ध, मी म्हणाले. तो हसला. "घरचं भांडण घरी मिटवा, मॅडम. आणि अंडी तपासायची सोय इथे नाही." त्या कोंबड्या विकून शेड रिकामी झाल्यावर मग बाबांनी पिंजरे धुतले आणि फटींत औषध मारलं. म्हणजे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ते, अगदी तसंच.

मधल्या काळात टेम्पो पहाटे जातच होता. ती अंडी पनवेलच्या बाजारात गेली, तिथून दुकानांत, खाणावळींत, डब्यांत. स्टँडजवळच्या भुर्जीच्या गाडीवर मी कॉलेजच्या मुलींबरोबर उभी असायची. तव्यावर कांदा चरचरायचा, गाडीवाला एका हाताने दोन दोन अंडी फोडायचा आणि पांढरी कवचं पायाशी टाकायचा. त्यातलं कुठलं आमच्या शेडचं, ते ओळखता येत नसे. सगळी मोठी, सगळी एकसारखी. मी ओरडायची, "अहो, विचारा तरी कुठून आली!" तो म्हणायचा, "ताई, अंडं आहे, त्याला काय विचारायचं?" परवा हे लिहायला घेतलं तेव्हा आई म्हणाली, "अजून किती वर्सं माझी ती चापट गावभर सांगत फिरनार हायस?" मी लिहीतच राहिले. त्या भुर्जीच्या गाडीभोवती रोज माणसं उभी असायची, हमाल, पोरंबाळं घेतलेल्या बायका, परीक्षेला आलेली मुलं, कोणाच्या तरी सुमन. सगळ्यांना सपाटून भूक लागलेली असायची. आणि त्यांच्या मनगटावर चापट मारायला तिथे कोणाचीच आई नव्हती.